ट्रेलसाठी जुनी, हलकी टू-स्ट्रोक घ्यायची आहे. कोणती बघू?

मुरमाड
नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, सुट्टीच्या दिवशी वेल्हे, पानशेत, भोर या पट्ट्यात भटकतो. रोजची गाडी १५० सीसीची साधी कम्यूटर आहे. डांबर संपलं की तिचाही जीव वर येतो आणि माझाही.

मला हवी आहे अशी गाडी, जी ओढ्यात आडवी झाली तर एकट्याने उचलता येईल. वेगाची हौस नाही. बैलगाडीच्या चाकोऱ्या, पाणंदी, मुरमाचे चढ, पावसाळ्यानंतरचे ओढे, बस्स. उंची ५ फूट ५, वजन ६२ किलो. बजेट दुरुस्ती धरून ऐंशी हजार.

डोक्यात आहेत यामाहाच्या आरएक्स १०० आणि आरएक्स १३५, सुझुकीच्या शोगन, सामुराई आणि मॅक्स १००. मित्र म्हणतो, हिरोची एक्सपल्स (फोर-स्ट्रोक ट्रेल गाडी) घे आणि गप्प बस. पण लहानपणापासून कानात टू-स्ट्रोकचा आवाज बसलाय, त्याला इलाज नाही. जुनी गाडी घेताना नक्की काय काय बघायचं, तेही सांगा.

किटलीवाला
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आरएक्सवाले आत्ता येतील.

रिंगटिंग
आलो. :-) आरएक्स १००, विषय संपला. ९८ सीसीत ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास, रीड व्हॉल्व्ह. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली आणि अजून गल्लीत आली की माना वळतात. दुसरं काही बघू नका.

आप्पा गॅरेज
माना वळतात म्हणूनच ट्रेलसाठी घेऊ नये. ज्या गाडीवर ओरखडा पडला की पोटात कालवतं, ती दगडात नेणार कशी? बऱ्या अवस्थेतल्या, कागद चोख असलेल्या आरएक्सचे भाव आता लाखाच्या पुढे गेलेत. ऐंशी हजारांत जी मिळेल ती बहुतेक वेळा रंगवलेली, चार गाड्यांचे भाग एकत्र केलेली असते. 'जपान इंजिन आहे' म्हणून वरचे दहा-वीस हजार मागतील ते वेगळंच. सुरुवातीच्या गाड्यांत जपानी भाग होते हे खरं, पण तीस-पस्तीस वर्षांत त्या इंजिनाचं बोअर (सिलिंडर आतून घासून मोठं करणं) किती वेळा झालं ते कोण सांगणार?

मुरमाड, तुम्ही गाडीचं नाव विचारताय. मी आधी तीन गोष्टी विचारीन. कागद आहेत का, पिस्टन-रिंगा-क्रँकचे भाग तुमच्या गावात मिळतात का, आणि बोअरमध्ये अजून जीव आहे का. या तिन्हींत पास होईल ती गाडी तुमची, टाकीवर नाव काहीही असो.

रिंगटिंग
आप्पा, असं रुक्ष बोलू नका हो. गाडी मनाने घेतात.

आप्पा गॅरेज
मनाने घ्या, पण कॉम्प्रेशन पायाने बघा.

चाकोरी
आप्पांना +१. थोडा इतिहास टाकतो, कारण 'छोटी टू-स्ट्रोक डर्ट बाइक' ही जात आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या आल्या. १९८४ ला इंड-सुझुकीची एएक्स १००, मग यामाहाची आरएक्स, बजाजची कावासाकी केबी १००. त्याच वेळी हिरो होंडाची सीडी १०० फोर-स्ट्रोक म्हणून आली आणि मायलेजवर बाजी मारून गेली. यातली एकही ट्रेलची गाडी नव्हती. आपल्या डर्ट ट्रॅकवाल्यांनी याच गाड्या सोलून, शोगन-आरएक्सचे पत्रे काढून, मागे मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) लावून शर्यती मारल्या. त्यामुळे तुम्ही 'डर्ट बाइक निवडत' नाही आहात, रस्त्यावरच्या गाडीतून ती करणार आहात. हे डोक्यात ठेवलंत तर बजेटचं गणित नीट बसेल.

बाहेरच्या कारखानी डर्ट बाइक इथे मिळतात, कावासाकीची केएक्स वगैरे. पण त्यांचं रजिस्ट्रेशन होत नाही. पिकअपवर टाकून खाजगी जागेत न्यायच्या. ऐंशी हजारांत तो विषय नाहीच.

सह्याद्रीपार (सिएटल)
चाकोरींनी बरोबर मांडलं. इकडे वॉशिंग्टन राज्यात उलटी परिस्थिती आहे, जुन्या कारखानी टू-स्ट्रोक ढिगाने मिळतात. माझ्याकडे कावासाकी केडीएक्स २०० आहे. अमेरिकेत ती २००६ पर्यंत विकली जायची. यामाहाची मोटोक्रॉसची (मातीतल्या उड्यांच्या शर्यतीची) वायझेड १२५ आणि ही, दोन्ही टू-स्ट्रोक, पण स्वभाव वेगळे. वायझेड खालच्या आरपीएमला झोपलेली असते, मग एकदम उठते. गिअर जवळजवळ, सस्पेन्शन उड्यांसाठी कडक. जंगलातल्या दगडगोट्यांत हात गळून येतात. केडीएक्स खालून ओढते, दिवे आहेत, पहिला गिअर खोल आहे.

तुमच्यासाठी यातला मुद्दा एवढाच की ट्रेलला वरची ताकद नको, खालची हवी. त्यामुळे कोणी 'पोर्टिंग केलेली (सिलिंडरची भोकं घासून वाढवलेली), एक्सपान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर) लावलेली' गाडी कौतुकाने दाखवली तर हात जोडा आणि पुढे व्हा. तसली गाडी चढावर मधेच मरते, नाहीतर पुढचं चाक उचलते.

आणि हो, इथे फेडरल जंगलात सायलेन्सरला ठिणगीरोधक लागतोच. नसेल तर दंड. आपल्याकडे मार्चमधलं वाळलं गवत बघता हा नियम कोणी न सांगता पाळावा असं वाटतं.

नाद कोल्हापुरी
भावा, एवढं काय खल करताय. आमच्याकडं गगनबावड्याच्या बाजूला, राधानगरीच्या वाटंला बघा एकदा. लोक टीव्हीएस एक्सएल घेऊन उसाच्या फडातनं, चिखलातनं, मागं वैरणीचा भारा बांधून जात्यात. सीसी सत्तर, गिअर नाही, क्लच नाही. अडकली की उतरायचं, ढकलायचं, परत बसायचं. जुनी एक्सएल सुपर टू-स्ट्रोकच हाय की. लय हलकी. तुमच्या ऐंशी हजारात चार येतील आणि उरल्यालं मिसळीला.

किटलीवाला
चार एक्सएल, एक मिसळ. हीच खरी मोहीम.

जांभादगड
हसू नका, नाद कोल्हापुरी बरोबर बोलतायत. मी रत्नागिरीची, आमची आंब्याची बाग सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, खालच्या अंगाला आहे. वाट म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा. उंची ५ फूट १. उंच सीटच्या गाड्या दुकानात छान दिसतात, पण आडव्या उतारावर डावा पाय टेकायला गेला आणि खाली जमीनच नसली की काय होतं ते उंच माणसांना कळत नाही. एक्सपल्सची सीट साधारण ८२५ मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या वर. चालवायला गोड, पडली की उचलायला दोन माणसं. बाबांची जुनी मोपेड मी त्याच वाटेवर बिनधास्त नेते.

मोपेडची मर्यादा एकच, पण मोठी. चढावर वेग गेला की ऑटो क्लच घसरत राहतो आणि तापतो. तुमच्या बाजूच्या मढे घाटासारख्या चढावर ती रडेल. शेतातल्या वाटेला मात्र तोड नाही.

मुरमाड
ताई, आडव्या उताराचा मुद्दा फार मोलाचा. मी पाय टेकण्याचा विचार सपाट जमिनीवर धरूनच करत होतो. एक्सएल आवडली, पण गिअर हवेत.

रिंगटिंग, मन आरएक्सकडेच आहे हो. पण खिसा आप्पांच्या बाजूने आहे.

रेतीमुरूम
मग फोर-स्ट्रोकच घ्या ना! कोणी तरी हे बोललं पाहिजे म्हणून बोलतो. जुनी हिरो इम्पल्स शोधा. १५० सीसी, २४५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, लांब सस्पेन्शन, कारखान्यातूनच ट्रेलसाठी बनवलेली. आरएक्सचं सस्पेन्शन डांबरी खड्ड्यांसाठी आहे, दगडावरून उडी बसली की तळ गाठतं. शिवाय दोन्ही चाकं १८ इंची. इम्पल्ससारखं पुढे १९ इंची चाक असलं की दगडावर चढण्यात जो फरक पडतो तो एकदा चालवल्याशिवाय समजत नाही. आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनानेच गाडी रोखणं! टू-स्ट्रोकला ते नावालाच असतं. १३० मिलिमीटरचे ड्रम, तेही ओढ्यातून बाहेर आल्यावर ओले. देवाचं नाव घ्यायचं आणि सोडायचं.

आप्पा गॅरेज
रेतीमुरूम यांचं ९० टक्के मान्य. इम्पल्स उत्तम गाडी, पण आता चांगल्या अवस्थेतली मिळणं आणि तिचे सुटे भाग मिळणं, दोन्ही अवघड. आणि धागाकर्त्याने टू-स्ट्रोकच मागितलीय.

उताराबद्दल थोडं सविस्तर, कारण यात इंजिनं मरतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच. लांब उतारावर तुम्ही गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरता, तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं आणि आत ऑइल जवळजवळ जात नसतं. मग पिस्टन पकडतो. उपाय सोपा आहे. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. जुने राजदूतवाले हे सवयीने करायचे, कोणी शिकवलं नव्हतं. ओल्या ड्रमसाठी, ओढा ओलांडला की पन्नास पावलं ब्रेक हलके दाबून चालवायची, लायनर तापून सुकतात.

आता बघायला जाल तेव्हा.

इंजिन थंड असताना जा. मालकाला आधीच फोनवर सांगा, 'चालू करून ठेवू नका'. गरम इंजिन सगळी पापं लपवतं. किक हाताने दाबून बघा, दम लागला पाहिजे. मऊ लोण्यासारखी गेली तर रिंगा-बोअर गेलंय. चालू झाल्यावर आयडलला ठक-ठक असा धातूचा आवाज वरून आला तर पिस्टन सैल. खालून घुरघुर आली तर क्रँकच्या बेअरिंग, आणि तिथे खर्च मोठा. थ्रॉटल सोडल्यावर रेस पटकन खाली येत नसेल, वरच लटकत असेल, तर कुठून तरी हवा ओढतेय, बहुधा क्रँकचं सील. तशी गाडी पातळ मिश्रणावर (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालून एक दिवस पिस्टनला छिद्र पाडते.

मग विचारा, बोअर कितव्या साइझला आहे. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर जाड असे पिस्टन येतात. १.०० वर पोचलेली गाडी म्हणजे पुढच्या वेळी सिलिंडरला नवीन स्लीव्ह. मालकाला माहीत नसेल तर तेच उत्तर समजा.

प्लग काढा. तपकिरी हवा. पांढरा म्हणजे पातळ, ओला काळा म्हणजे जास्त ऑइल नाहीतर खराब सील. सायलेन्सरच्या तोंडात बोट घाला, अर्धा इंच काजळी असेल तर घाबरू नका, नळी काढून जाळता येते. उलट भाव पाडायला तो चांगला मुद्दा आहे.

किटलीवाला
वाचनखूण साठवली. आप्पा, तुम्ही वेगळा धागा काढा, 'सेकंडहँड गाडी आणि माणसाचा स्वभाव'.

शेतातली शोगन
शोगनबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. १०८ सीसी, १४ बीएचपी, कंपनीतून आलेल्या अवस्थेत आरएक्सला मागे टाकायची. पण ती ताकद सगळी वर. सिएटलकर म्हणाले तसं, ट्रेलला उलटं हवं. शिवाय भाग शोधत हिंडावं लागतं, मिळाले तर भाव सांगतील तो. शोगन हौसेने ठेवावी, रविवारी सकाळी रस्त्यावर काढावी. दगडात घालू नये.

मॅक्स १०० मात्र विचार करा. दिसायला काही नाही, ताकद आरएक्सहून कमी. पण खालून ओढते. आमच्या तालुक्यात निम्मे दूधवाले तिच्यावर होते, दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या आणि रस्ता म्हणजे नुसती खडी. मॅक्स १०० आर अजून शेतकऱ्यांकडे पडून असतात, आणि तिला कोणी 'क्लासिक' म्हणत नाही, म्हणून भाव जमिनीवर आहे.

किटलीवाला
शेवटी किटल्यांचा उल्लेख आला. आता मी कुठेही जायला मोकळा.

कागदी घोडा
आरटीओचा भाग कोणी घेतला नाही, म्हणून घेतो. पंधरा वर्षं झाली की फिटनेस करून आरसीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी. त्यात पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या दुचाकीला २०२५ पासून नूतनीकरणाची फी २००० रुपये झालीय, आधी १००० होती. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी लागेल. विलंबाचा दंड साचलेला असेल तर तो व्यवहाराआधी मालकाने भरायचा, असं स्पष्ट ठरवा.

चॅसी आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, घासून, टॉर्च लावून. आरएक्स १०० च्या चॅसीत १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या फार आहेत. चालायला मजा, पण आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही आणि हस्तांतरण तिथेच अडतं. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून आरसी चालू आहे की रद्द, ते बघा. 'कागद हरवलेत, एफआयआर करून काढू' म्हणणाऱ्याला नमस्कार.

आणि बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत फेरफार चालत नाही. टायर, स्प्रॉकेट, हँडलचे गार्ड यावर सहसा कोणी अडवत नाही. दिवे, पाटी, मडगार्ड काढून सायलेन्सर उघडा ठेवलात तर पहिल्याच नाक्यावर गाडी जमा.

गवतफुला
मी या धाग्यावर विरोधी पक्ष. सगळे ऑइल आणि बोअरबद्दल बोलताय, जाणार कुठे त्याबद्दल कोणी बोलेना. कासच्या पठारासारख्या सड्यांवर माती काही इंचच असते, त्यात एक चाक घसरलं तर पावसाळी फुलांची ती जागा पुढची कित्येक वर्षं उघडी राहते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर परवानगीशिवाय वाहन नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे. कोयना, चांदोली, भीमाशंकर सगळीकडे. पुण्यातल्या टेकड्यांवर सकाळी चालणाऱ्या आजी-आजोबांच्या मधून बाइक काढणारे मी रोज बघते. त्यात टू-स्ट्रोकचा निळा धूर.

रिंगटिंग
धूर कमी असतो हो, ऑइल नीट मिसळलं तर.

गवतफुला
नीट मिसळतं कोण?

मुरमाड
गवतफुला, रागावू नका, तुमचं म्हणणं खरं आहे. मी पाणंद आणि वहिवाटीच्या बैलगाडी रस्त्यांबद्दलच बोलतोय. सडे, टेकड्या, अभयारण्य नाही. बांधावरून कधीच नाही, शेतकऱ्याने शिव्या दिल्या तर माझीच लाज. सायलेन्सर कंपनीचाच ठेवणार.

जांभादगड
आणि वाटेत गुरं दिसली तर इंजिन बंद करून थांबा. टू-स्ट्रोकच्या आवाजाला बैल बुजतात आणि मग त्यांच्यामागे धावायला तुम्ही नसता, आमचा गडी असतो.

रसायनदादा
आता एक नवीन भानगड. पंपावर मिळणारं पेट्रोल हल्ली ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं, आहे. जुन्या टू-स्ट्रोकला यात तीन त्रास. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिश्रण पातळ पडतं. गाडी गरम चालते, म्हणून मेन जेट एक-दोन साइझ मोठी लागू शकते. प्लगचा रंग बघून ठरवा. दुसरं, जुने रबरी पाइप, सील, कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई, हे फुगतं किंवा कडक होतं. गाडी घेतली की आधी हे बदलून टाका, शे-दोनशेचा खर्च. तिसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. सुट्टीची गाडी आठवडाभर उभी राहणार, पाणी खाली बसणार. घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

ऑइलचं प्रमाण १:४० म्हणजे लिटरला २५ मिली. ट्रेलला, हळू वेगात जोर लावत चालवायची असेल तर १:३२, म्हणजे साधारण ३० मिली. 'थोडं जास्तच टाक' असं करून १०० मिली ओतणारे आहेत. त्यांच्यामुळेच गवतफुला चिडतात. आणि जास्त ऑइल म्हणजे तेवढंच पेट्रोल कमी, मिश्रण उलट पातळ होतं, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

बुलेटराजे
माझ्याकडे एक गाडी विकायची आहे, फुल्ल कंडिशन, फोन करा ९८

संपादक मंडळ
फोन नंबर असलेला मजकूर काढला आहे. खरेदी-विक्रीसाठी वेगळा विभाग आहे.

किटलीवाला
'फुल्ल कंडिशन' हे शब्द मात्र ठेवायला हवे होते.

नाद कोल्हापुरी
ह्ये सगळं वाचून माझी एक्सएल बाहेर काढली. ऑइल कमीच पडत हुतं. रसायनदादा, आभार.

मुरमाड
मंडळी, दोन आठवडे धागा वाचून घरात टू-स्ट्रोकशिवाय विषय नाही. सारांश असा दिसतोय: आरएक्स खिशाबाहेर, शोगन दगडात नको, इम्पल्स मिळेना, मोपेडला गिअर नाहीत. सासवडजवळ एका शेतकऱ्याकडे मॅक्स १०० आर आहे, २००३ ची, आरसी नूतनीकरण केलेली. भाव सव्वीस हजार म्हणतोय. पत्रा गंजलाय, सीट फाटलीय, इंजिन 'एक किकमध्ये'. रविवारी बघायला जातोय. टायर आणि स्प्रॉकेटचं काय करू?

शेतातली शोगन
गंजलेला पत्रा बघून खूश व्हा, म्हणजे रंगवून फसवलेली नाही. चॅसीच्या जोडांवर, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुडाशी आणि फूटरेस्टच्या पट्टीवर मात्र वेल्डिंगच्या खुणा शोधा. किटल्यांच्या गाड्या तिथेच तुटतात. १८ इंची रिमला नॉबी (मातीसाठीचे मोठ्या गुट्ट्यांचे) टायर मिळतात, मागे ३.०० बसतो का ते चेनच्या गार्डजवळ बोट घालून बघा.

चाकोरी
मागचं मोठं स्प्रॉकेट शोधत बसू नका. पुढचं एक दाताने लहान केलंत की मागचे तीन दात वाढवल्यासारखंच होतं, आणि ते स्वस्त पडतं. चेन मात्र नवी घ्या, जुनी चेन नवं स्प्रॉकेट महिन्यात खाते.

आप्पा गॅरेज
सव्वीस म्हणतोय म्हणजे बावीसला देईल. वीस-पंचवीस हजार इंजिनासाठी बाजूला काढून ठेवा, लागले नाहीत तर हेल्मेट आणि गुडघ्यांचे गार्ड घ्या. बूट आधी घ्या.

कागदी घोडा
पैसे देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, त्याच्या आधारची प्रत. आरसी ज्याच्या नावावर आहे तोच माणूस समोर हवा. 'भावाच्या नावावर आहे, भाऊ मुंबईला असतो' असं निघालं तर पैसे परत खिशात.

मुरमाड
भाऊच आहे, पण हडपसरला. त्याला रविवारी बोलावून घेतलंय.

रिंगटिंग
माझी आरएक्स घेऊन येतो बरोबर. मॅक्सचं कॉम्प्रेशन कशाशी ताडून बघणार नाहीतर? आप्पा, येताय का?

आप्पा गॅरेज
सकाळी आठला निघू. मालकाला शनिवारीच फोन करा, इंजिन थंड ठेवायला.